बाजीरावाला लागलेला दगड

वैशाखात खानदेशात जाणाऱ्याला आमच्या साताऱ्याकडे खुळं म्हणतात. खानदेशात तर तोंडावर म्हणतात. जळगाव स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याने माझ्याकडे, माझ्या छत्रीकडे आणि पुस्तकांच्या पिशवीकडे पाहून विचारलं, "मावशी, या दिवसांत इकडे कोणी फिरायला येतं का? इथली माणसं बाहेर पळतात." मी म्हटलं, "भाषण आहे." त्याने मान हलवली, कपाळाचा घाम पुसला आणि माझी पिशवी आत ठेवली.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी गावोगाव थोरल्या बाजीराव पेशव्यांवर बोलत फिरते. विषय ठरलेला, समज आणि गैरसमज. शाळेतली मुलं इतिहास निमूट ऐकून घ्यायची. मोठी माणसं वाद घालतात, आणि मला वाद आवडतो. घरचे म्हणतात, हिला बाजीरावांपेक्षा भांडणाचीच हौस. खोटं नाही ते. या खेपेला धुळ्याच्या एका वाचनालयाने बोलावलं होतं. बाजीराव वैशाखात गेले, तेव्हा व्याख्यानही वैशाखातच हवं, असा चालकांचा हट्ट. त्यांना कूलरची सवय असावी.

असोदा

धुळ्याआधी एक दिवस मी असोद्याला कॉलेजातल्या मैत्रिणीकडे उतरले. जळगावपासून हाकेवरचं मोठं गाव, आणि गावाभोवती केळीच केळी. घरातला पंखा नुसती वाफ फेकत होता, म्हणून मैत्रिणीने बाज उचलायला लावली आणि आम्ही दुपार काढायला थेट बागेत गेलो. बाहेर ऊन पेटलेलं, आत हिरवा अंधार. पायाखाली ओल, नळीतून थेंबाथेंबाने पडणारं पाणी, आणि वर एकमेकांत गुंतलेली पानं. एवढ्याशा अंतरात दुसरा ऋतू लागतो हे मला खरंच वाटेना.

बाजेवर पडले आणि डोळा लागला. अर्धवट झोपेत केळीच्या ओळींमधून घोडेस्वार जाताना दिसले. एकामागून एक, टापांचा आवाज न करता, पानं बाजूला सारत. कोणाचा चेहरा दिसेना. मी त्यांना काहीतरी विचारत होते आणि ते ऐकू न आल्यासारखे पुढे जात होते. जागी झाले तेव्हा मैत्रीण शेजारी बसून केळ्याचे वेफर्स खात होती. "झोपेत काय बडबडत होतीस गं? सारखी 'चूक, साफ चूक' म्हणत होतीस." मी म्हटलं, घोडेस्वार होते. ती म्हणाली, "मेली मास्तरीण. स्वप्नात पण पेपर तपासते."

धुळे

धुळ्याच्या स्टँडवर डांबराला माझ्या सपातेचा तळ चिकटला आणि मी एक पाऊल तशीच पुढे गेले. एका टपरीतून प्लॅस्टिकची हिरवी चप्पल घेतली आणि तीच घालून व्यासपीठावर चढले. कूलरसमोरच्या खुर्च्या आधी भरल्या, मग पंख्याखालच्या. अध्यक्षांना कूलर मिळाला नाही, ते शेवटपर्यंत नाराज होते.

अर्ध्या सभागृहाला वाटत होतं की बाजीराव प्रेमात झुरून गेले. पडद्याची कृपा. उरलेल्या अर्ध्याला वाटत होतं की ते उत्तरेत, नर्मदेपलीकडे कुठेतरी रणांगणावर पडले. मी सांगितलं, यातलं काहीच नाही. नर्मदेकाठच्या छावणीत, ऐन उन्हाळ्यात, तापाने गेले. चाळिशीच्या आसपास. "एवढंच?" पहिल्या रांगेतल्या गृहस्थांनी विचारलं. त्यांच्या आवाजात फसवणूक झाल्याची तक्रार होती. एवढा मोठा सेनापती साध्या तापाने गेलेला लोकांना चालत नाही.

मग कणसांची गोष्ट निघाली. ती निघतेच. निजामाने बाजीरावांचं चित्र काढून आणायला चितारी पाठवला, आणि त्याने घोड्यावर बसून तळहातावर कणीस चोळून खाणारा स्वार काढून नेला, अशी ती आख्यायिका. मी म्हटलं, गोष्ट गोड आहे, पण म्हणून ते जन्मभर कच्ची ज्वारी खाऊन लढले असं समजू नका. धावत्या फौजेकडे सामान थोडं, तेव्हा वाटेवरच्या शेतात जे उभं असेल ते पोटात जायचं.

प्रश्नांच्या वेळी मागून तिशीचा एक माणूस उठला. हाताला तेलाचे डाग, पण शर्ट कडक इस्त्रीचा. त्याने अतिशय गंभीरपणे विचारलं, "मॅडम, गोफणीचा दगड डोक्याला लागला, तर माणूस किती वर्षांनी मरू शकतो?"

सगळे हसले. मीही हसले. तो हसला नाही.

कार्यक्रमानंतर तो मला जवळच्या खानावळीत घेऊन गेला. नाव नंदू, धुळ्यात मोटारी रिवाइंड करण्याचं दुकान, मूळ गाव भडगावच्या अलीकडे गिरणेकाठी. समोर शेवभाजी आली, वर लाल तेलाचा जाड थर. साताऱ्याचं तिखट मी कौतुकाने मिरवते, पण त्या दिवशी दुसऱ्याच घासाला माझं कौतुक जिरलं. डोळ्यांतून पाणी गाळत मी नंदूचं ऐकत होते, आणि शेजारच्या टेबलावरच्यांना वाटत असणार की बाईंना काही फार दुःखाचं सांगणं चाललंय.

सांगणं तसंच होतं. नंदूच्या घराण्यात अशी श्रद्धा आहे की त्यांच्या मूळपुरुषाने शेतात कणीस तोडणाऱ्या एका स्वाराला गोफणीचा दगड मारला, तो स्वार बाजीराव निघाला, आणि पुढे त्याच दुखण्याने तो नर्मदेवर गेला. तेव्हापासून त्या घरातलं कोणी नर्मदा ओलांडत नाही. सासरी गेलेल्या मुलींना नेम लागू नाही, त्या दुसऱ्या कुळाच्या झाल्या. पण मुलगे आणि घरात आलेल्या सुना नेमात अडकलेल्या.

"माझी बहीण इंदूरला दिली," नंदू म्हणाला. "आठव्या महिन्यातच बाळंत झाली. बाळ नाजूक आहे, डॉक्टरांनी प्रवास बंद सांगितलाय. भावजींना कारखान्याची पाळी, सासू नाही. माय इकडे डिंकाचे लाडू करून बसलीय. घरात शब्द चालतो नानांचा, माझ्या मोठ्या काकांचा. ते म्हणतात नेम म्हणजे नेम."

"आणि तू? तू तर शिकलेला."

तो ताटाकडे बघत म्हणाला, "मी मागे एकदा निघालो होतो. सेंधव्यापर्यंत गेलो आणि परत फिरलो. हसू नका, मॅडम. लहानपणापासून ऐकलेलं असतं, पाय उचलत नाही. तुम्ही येता का गावाला? नानांना सांगा, दगडाने नाही गेले ते. तुमचं ऐकतील. उद्या जाऊ, परवा आखाजी आहे."

आखाजी म्हणजे आपली अक्षय्य तृतीया. मी परतीचं तिकीट रद्द केलं.

गिरणेकाठ

पारोळ्यावरून जीप निघाली. नांगरून टाकलेली काळी रानं उन्हात भेगाळली होती. कपाशीचा मागमूस नाही, फक्त कुठे तिच्या वाळक्या काड्यांचे, पळाटीचे ढीग. निंबाच्या झाडाखाली गुरं उभी होती, एकाच दिशेला तोंड करून. रस्त्याच्या टोकाला सारखं पाणी चमकायचं आणि जवळ गेलं की नाहीसं व्हायचं. त्या पाण्यात मला पुन्हा घोडे दिसू लागले. सावकाश, जमिनीला पाय न लावता चाललेले. नंदूला सांगितलं तर तो म्हणाला, "ऊन बाधतंय, कांदा जवळ ठेवा," आणि खिशातून खरंच कांदा काढून दिला. इकडे तो सगळ्यांच्या खिशात असतो.

गावात शिरलो तर प्रत्येक मोठ्या झाडाला झोका. माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर, खाली उभ्या असलेल्या बायका गौराईची गाणी म्हणताहेत. आमच्याकडे अक्षय्य तृतीया म्हणजे सोनाराच्या जाहिराती आणि हळदीकुंकू. इथे ती लेकींची आणि पितरांची, दोघांची एकाच दिवशी. एका झोक्यावरची पोर इतकी उंच जात होती की तिच्या साडीचा पदर दर खेपेला निंबाच्या शेंड्याला लागून येई.

नंदूच्या आईला गाव अक्का म्हणतं. साठीच्या पुढची, काटक बाई. तिने मला माठातलं पाणी दिलं आणि लगेच आतल्या खोलीत नेऊन बांधून ठेवलेली पिशवी दाखवली. लाडू, अळीव, जुन्या सुती साड्यांच्या गोधड्या. "मन्ही अंडेर एकटी शे तठे," ती म्हणाली. अंडेर म्हणजे लेक, हे मला विचारावं लागलं नाही. गोधडीची घडी तिने उलगडली, पुन्हा घातली. ती दिवसातून कितीदा तसं करत असेल, ते घडीवरच दिसत होतं.

नाना ओट्यावर बसले होते. पांढरी टोपी, पांढऱ्या मिशा, ताठ पाठ. त्यांना बघताच अक्कांनी पदर पुढे ओढला. जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, त्या समोरासमोर बोलत नाहीत. मधे कोणीतरी लागतं, कधी नंदू, कधी नुसती भिंत. त्या दोन दिवसांत ते काम माझ्याकडे आलं.

ऊन उतरल्यावर मी नानांकडे गोष्ट मागितली. त्यांनी ती अशी सांगितली की जणू मागच्या हंगामात घडली.

"आम्हना मूळपुरुष मायावर बठेल व्हता. हातमा गोफन. दादर हुरडामा येल, पाखरं हाकली हाकली हात दुखी गया. तेवढामा नदीकडथाईन धूळ उनी. फौज!"

दादर म्हणजे इकडची हिवाळी ज्वारी, आणि माया म्हणजे राखणीचा माळा. फौज नदीकाठाने गेली. एक स्वार मागे रेंगाळला, बांधाशी थांबला, कणीस तोडून तळहातावर चोळलं. माळ्यावरच्या माणसाला दिसला तो चोर. दगड सुटला, स्वाराच्या कानशिलाला लागला. स्वाराने कान चोळला, दाणे तोंडात टाकले, वर बघून म्हणाला, दाणा गोड आहे हो तुमचा, आणि निघून गेला. तो कोण होता ते मागाहून कळलं. काही वर्षांनी नर्मदेवरची बातमी आली. मूळपुरुषाने अन्न सोडलं, मग लोकांच्या आग्रहाने धरलं, पण गोफण नदीत टाकली. अजूनही या घराच्या शेतात गोफण नाही. बांधालगतचा एक पट्टा पाखरांना आणि वाटसरूंना सोडलेला असतो.

मी इतकी वर्षं ती कणसांची गोष्ट सांगते. कणसं कुणाच्या शेतातली, हे माझ्या मनात कधीही आलं नव्हतं. चितारी, निजाम, बाजीराव, सगळे दिसत होते. माळ्यावरचा माणूस मला पहिल्यांदाच दिसला.

पण मी ज्यासाठी आले होते ते सांगणं भाग होतं. मी सांगितलं, "नाना, ते तापाने गेले. दगडाने नाही."

"ताप बठ्ठासले येस," नाना शांतपणे म्हणाले. बठ्ठासले म्हणजे सगळ्यांना. "पन त्याले काही निमित लागस."

"उन्हाचा ताप होता."

"मंग मन्हा बाप, मन्हा आजा, पंजा, बठ्ठा येडा व्हतात का?"

व्याख्यानात वाद सोपा असतो. तिथे समोरच्याचा बाप, आजा मधे येत नाहीत. मला त्यांची भीती कळली. मी दगड खोटा ठरवला तर त्या घरातल्या इतक्या पिढ्यांचा पश्चात्ताप फुकट जात होता. दाराआड अक्कांचं पाऊल वाजलं. त्या ऐकत होत्या.

"दगड लागला असेल," मी म्हटलं. "हो म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही आणि नाही म्हणायलाही नाही. पण त्याने जीव घेतला नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. आणि ते पलीकडच्या काठावर वारलेच नाहीत. आयुष्यात कितीदा तरी नर्मदा ओलांडली, पण शेवट अलीकडच्या काठावर झाला. आपल्या काठावर. समाधी तिथेच आहे."

नानांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "या काठले?"

"याच."

ते उठून आत गेले. नंदूने माझ्याकडे पाहिलं, मी खांदे उडवले. मला वाटलं, सगळं मुसळ केरात.

आखाजी

सकाळी घर पुरणाच्या वासाने भरलं. इथल्या पोळ्या लाटत नाहीत, हातांवर फिरवून मोठ्या करतात आणि पालथ्या खापरावर टाकतात. मी एक करून पाहिली. तिचा अर्धा भाग चुलीत आणि अर्धा माझ्या हिरव्या चपलेवर पडला. बायका इतक्या हसल्या की एकीला ठसका लागला.

मग पितरांच्या घागरी. मातीची नवी घागर, पाण्याने भरलेली, तिच्यावर खरबूज, सांजोऱ्या, आंबे. नानांनी एकेक नाव घेऊन निखाऱ्यांवर घास टाकला. बापाचं, आजाचं, धाकट्या भावाचं, म्हणजे अक्कांच्या नवऱ्याचं. शेवटी एक घागर उरली. तिच्यासाठी नाव नव्हतं. नाना फक्त "स्वारले" म्हणाले आणि घास टाकला.

ही घागर दरवर्षी शेताच्या बांधावर, इकडच्या भाषेत धुऱ्यावर, ठेवतात, निंबाखाली, जिथे तो थांबला होता म्हणतात. येणारा-जाणारा तिचं पाणी पितो. जेवणं झाल्यावर, आमरसाने सगळ्यांचे डोळे जड झालेले असताना, नानांनी ती उचलली आणि उंबऱ्याकडे निघाले.

अक्का चुलीजवळून उठल्या. पदर नाकापर्यंत, नजर माझ्याकडे. पण आवाज सगळ्या घराला ऐकू जाईल असा.

"बाई, त्यासले इचारा. तहान लागेल मानूस तठे शे, नर्मदाना काठले. आनि त्यानी घागर आपण ठेवतस आठे, धुरावर. इतला वरीस झायात. त्याले ते पानी कसं पोची?"

नाना उंबऱ्यात थांबले. त्यांनी घागर उंबऱ्याच्या आत, भिंतीला लावून ठेवली आणि नुसतेच शेताकडे निघून गेले. पायात जोडा घालायलाही विसरले.

दुपारभर मी निंबाखाली बाजेवर पडून होते. झोका येत होता, जात होता, गाणं जवळ यायचं, लांब जायचं. पापण्यांच्या आड तांबडा उजेड, आणि त्या उजेडात बांधाशी उभा असलेला एक माणूस, घोड्याचा लगाम हातात धरून. या खेपेला त्याचा चेहरा दिसेल असं वाटत होतं. त्याचे ओठ कोरडे पडले होते एवढंच दिसलं. मी उठून अक्कांकडे गेले. त्या स्वाराची घागर धुवून तिच्यावर बांधायला ओलं फडकं शोधत होत्या. "मी जास," त्या म्हणाल्या. "सकायले. त्यासले राग येवो नाहीतर काही." मी त्यांचा हात धरला. दुसरं मला काही करता येत नव्हतं.

परत

पहाटे, उजाडता उजाडता, जीप दाराशी उभी राहिली. गिरणेवरून थोडा गार वारा येत होता, खानदेशातला तेवढाच एक तास माणसाचा असतो. मी नंदूला सांगितलं, खंडव्यावरून सनावदकडचा रस्ता धर, समाधी कोणीही दाखवेल, घागर तिथे ठेवा आणि मग पूल ओलांडून इंदूरला जा. तो मान हलवत होता, पण लक्ष ओट्याकडे. ओटा रिकामा होता. बाज उचलून भिंतीला लावलेली होती.

अक्का मागच्या सीटवर बसल्या. लाडवांची पिशवी पायाशी, गोधड्या शेजारी, घागर मांडीवर दोन्ही हातांनी धरलेली. त्यांनी एकदा घराकडे पाहिलं. शेजारच्या बायका जमल्या होत्या. कोणी जा म्हणेना, जाऊ नको म्हणेना. नंदूने किल्ली फिरवली, इंजिन सुरू झालं.

तेवढ्यात घराच्या मागच्या बाजूने नाना आले. धुतलेलं धोतर, नवी टोपी, खांद्यावर उपरणं, हातात कापडी पिशवी. कोणाकडे न बघता त्यांनी पुढचं दार उघडलं आणि नंदूच्या शेजारी बसले.

"नाना, तुम्ही?" नंदूने इंजिन बंद केलं.

नाना समोरच्या काचेकडे बघत, कोणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाले, "ती घागर पुढे द्या. मांगे हिसका बसतस, पानी सांडी जाई."

नंदूने घ्यायला हात मागे केला. अक्कांनी तो बाजूला सारला, सीटवरून पुढे वाकल्या, आणि घागर सरळ नानांच्या हातात दिली.